कापत नाही, शोभेसाठी चालेल

१२ ऑगस्ट

दादा,

मायना, खुशाली, सगळं मुद्दाम गाळलंय. मी खुशाल नाही, आणि तू आहेस का ते विचारायला हे पत्र लिहीत नाहीये. फोन केला असता, पण फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, आणि कामाचं बोलणं तसंच राहतं. कागदावर निदान माझं वाक्य तरी पूर्ण होतं.

काम एवढंच आहे. माझी कातर पाठव. उलटी. बाबांच्या दुकानात आतल्या भिंतीवर, धार लावायच्या चाकाच्या वर, डावीकडून दुसऱ्या खिळ्याला टांगलेली असेल. डिसेंबरात धार लावायला त्यांच्याकडे ठेवून आले होते, ती परत आणायची राहिली. का राहिली ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे, त्यावर पुन्हा नको. टोकांना बूच लाव, जाड कागदात गुंडाळ, सुतळीनं बांध आणि पोस्टात टाक. पुडकी बांधायला तुला कुणी शिकवायला नको, दुकानात तेच करत मोठा झालास.

आमच्या कारखान्यात नव्या कोटांचे नमुने मी कापते हे तू विसरला नसशील. एकेक नमुना हातानं, खडूच्या रेघेवरून. जानेवारीपासून मी इतरांच्या, म्हणजे उजव्या हातवाल्यांच्या कातरीनं कापतेय. ती डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब पळतात, कापड मधेच दुमडतं, आणि वरचं पातं नेमकं रेघेवर येऊन बसतं. रेघ दिसतच नाही, सगळं अंदाजपंचे. मनगट सुजून टम्म झालंय. गेल्या आठवड्यात एका कोटाची बाही अर्धं बोट आखूड गेली. कारखान्याचे मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत, बाही उचलून खिडकीजवळ नेली, बघितली, आणि म्हणाले की सप्टेंबरअखेर बघू, नाहीतर तुम्ही पॅकिंगला जा. पॅकिंग म्हणजे दिवसभर कोट पिशवीत घालायचे आणि पिशवीचं तोंड चिकटवायचं. बावीस वर्षं कापल्यावर.

तेव्हा लवकर पाठव. पत्ता तोच आहे.

कागदोपत्री तुझी बहीण


२१ ऑगस्ट

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्यापुढे नाक घासायला मी काही मोकळी बसलेली नाही. मी ऑनलाइन मागवली.

तुला हसायला आवडतं ना दुसऱ्याची फजिती झाली की? मग ऐक. पहिला विक्रेता. फोटोखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘खास डावखुऱ्यांसाठी’. पार्सल आलं, बघते तर मुठीचं प्लॅस्टिक तेवढं डाव्या अंगठ्याला बसेल असं वळवलेलं आणि पाती उजवीच. म्हणजे चप्पल डाव्या पायाची आणि पाय उजवा. मी तक्रार केली. तिकडून उत्तर, तुमची गैरसोय झाली याचा आम्हाला खेद आहे, कृपया दोषाचा फोटो पाठवा. आता या दोषाचा फोटो कसा काढायचा? कातर नवीकोरी, चकचकीत, कुठे ओरखडा नाही. मी लिहिलं की दोष दिसत नाही, कापताना कळतो. ते म्हणाले, दोष दिसत नसेल तर परत घेता येणार नाही. मग एक सल्लाही दिला. काय, तर कृपया डाव्या हातात धरून वापरा.

मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्यानं असं काही बोलले की शेजारच्या काकू दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारून गेल्या.

दुसरा विक्रेता याहून थोर. फोटोत कातर चांगली भरदार दिसत होती, पाती खरंच उलटी होती, मी दहा वेळा मोठं करून बघितलं. आली ती माझ्या तळहातापेक्षा लहान. बालवाडीतल्या मुलांची, टोकं गोल. मापं सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात दिलेली होती, ती मी वाचली नाही, कबूल. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारी बाई स्वतः माप न बघता फसली. हे कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय, बघ.

बाबांनी ती कातर कशी केली होती आठवतं? नुसत्या मुठी फिरवून होत नाही म्हणून लोहाराकडून दोन्ही पाती उलटी घडवून घेतली आणि तीन आठवडे दुकान सांभाळून घासत बसले. तुझा हात त्यांनी सरळ करून टाकला, माझ्या वेळेपर्यंत त्यांचा तो नाद सुटला होता. हाताऐवजी कातर फिरवली. अख्ख्या घरात तिला उलटीच म्हणायचे. ‘उलटीला हात लावू नका’, हे आपण किती वेळा ऐकलंय.

ती पाठव. हात जोडत नाही, मनगट दुखतं.


३० ऑगस्ट

दादा,

अजून काही नाही. पोस्टमनला मी आता नावानिशी विचारायला लागलेय, तो बिचारा मला बघून सायकलचा वेग वाढवतो.

तिसरी मागवली. या वेळी शहाणपणा केला, आधी लोकांचे अभिप्राय वाचले. पाचपैकी पाच तारे, शेकड्यांनी. आली, हातात घेतली, पाती परत उजवी. मग मी ते अभिप्राय एकेक करून नीट वाचले. ‘मुलाला भेट दिली, खूप आवडली.’ ‘नवऱ्यासाठी घेतली, पॅकिंग सुंदर.’ ‘मी उजव्या हाताची आहे, पण मस्त चालते.’ अगं बाई, मस्त चालणारच, तुझीच आहे ती.

मी एक तारा दिला आणि पाती, अंगठा, रेघ, सगळं सविस्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा फोन. इतका गोड की कानाला मुंग्या लागाव्यात. ताई, तेवढा अभिप्राय काढाल का, आमच्या दुकानाचं नाव खराब होतं. मी म्हटलं, कातर बदलून द्या, काढते. म्हणाला, बदलून नाही देता येत, पण तुमचं मन राखायला एक भेट पाठवतो. काल ती भेट आली. तसलीच अजून एक कातर.

आता माझ्याकडे चार कातरी आहेत आणि त्यातल्या एकीनंही मला सरळ रेघ कापता येत नाही. आज मास्तरांनी माझ्या टेबलाशी पॅकिंगमधल्या एका मुलीला आणून उभं केलं, बघून घे म्हणाले. मुलगी चांगली आहे, माझ्या खडूचे तुकडे गोळा करून डबीत भरले तिनं. मला तिचा राग येत नाही, तुझा येतो.

रागाचं कारण एकदा लिहूनच टाकते. तू मला वेळेवर कळवलं नाहीस. बाबा गेले आणि मला कळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, परक्या माणसाकडून. ते मी विसरलेले नाही.


४ सप्टेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. आठ महिन्यांनी दोन ओळी. ‘दुकानातलं सामान फेब्रुवारीतच ऑनलाइन विकलं. तूच सांगितलं होतंस.’

तू ती विकलीस.

चाक विकायचं होतंस, सहाणा विकायच्या होत्यास, ती लोखंडी पेटी, काउंटर, पाटी, काय हवं ते विकायचं होतंस. ती कातर त्यांची नव्हती. माझी होती. धार लावायला आलेलं गिऱ्हाइकाचं हत्यार विकत नाहीत, एवढी साधी गोष्ट धारवाल्याच्या मुलाला कळू नये? बाबांनी उभ्या जन्मात कुणाचा भाजी चिरायचा चाकू इकडचा तिकडे होऊ दिला नाही. प्रत्येकाची खूण ठोकलेली असायची. माझीही होती, डाव्या पात्याच्या आतल्या अंगाला, पाती जोडणाऱ्या खिळ्याजवळ, एक ठिपका. कातर पुरी उघडल्याशिवाय दिसायचा नाही.

आणि मी काय सांगितलं होतं? मला काही नको, एवढंच. रागात म्हणाले होते. रागातलं बोलणं कुणी लिहून घेतं का? लिहून घेतलंसच तर मला एकदा विचारायचं होतंस, की बाई गं, हे तुझं हत्यार आहे, यावर तुझं पोट आहे, याचं काय करू? तेवढं एक वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही.

कुणाला विकलीस? पत्ता कळव. मी त्याच्या दारात जाऊन बसेन.


१० सप्टेंबर

दादा,

पत्ता कळवलाच नाहीस. माहीत नसेल, किंवा लाज वाटत असेल. दुसरं असावं अशी आशा आहे.

एक नवीन विक्रेती सापडलीय. तिच्याकडे सगळ्या मिळून सात वस्तू. फोटो अंधुक, मागे जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड दिसतं. खाली लिहिलंय, ‘डावखुऱ्यांची मोठी कातर, जुनी. मी स्वतः डावखुरी आहे. कापते.’ बस, एवढंच. पाच तारे नाहीत, खास नाही, सवलत नाही. ते ‘कापते’ मी तीनदा वाचलं.

तरी दुधानं पोळलेलं तोंड माझं. मी चार प्रश्न विचारले, तिनं उलट सहा विचारले. कापड जाड की पातळ, उभ्यानं कापता की बसून, आणि कागदावर डावा हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवून त्याचा फोटो पाठवा. पाठवला. मग म्हणाली, आधी पैसे भरू नका, पोचल्यावर कापून बघा, नाही कापली तर माझ्या खर्चानं परत. शस्त्रक्रियेच्या खोलीत तीस वर्षं नर्स होती म्हणे. डॉक्टरांच्या हातात हत्यार देता देता कळलं की डावखुऱ्या डॉक्टरची शिवी कोणत्या कात्रीला असते.

आली की बघू. माझे आणखी वीस दिवस आहेत.


१७ सप्टेंबर

दादा,

पार्सल आलं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच उघडलं, त्या मुलीसमोर. वरचा कागद काढला आणि मूठ दिसली, तेव्हाच मी ओळखली. अंगठ्याच्या कडीला आतून जी झीज आहे ती माझ्या अंगठ्याची आहे. तरी मी स्वतःला समजावत होते की वेडी आहेस, झिजलेल्या कातरी जगात शंभर असतात. मग ती पुरी उघडली. ठिपका आहे.

मी खाली बसले. मुलगी पाणी घेऊन आली.

मग कोटाच्या कापडाचा एक तुकडा घेतला, रेघ मारली आणि कापला. दादा, रेघ दिसते. पातं रेघेच्या पलीकडे राहतं आणि रेघ पूर्ण दिसते. आठ महिन्यांनी मला माझं काम दिसलं. मास्तर लांबून बघत होते. त्या मुलीला म्हणाले, चल, तुझं झालं.

हे सगळं चांगलं. आता वाईट ऐक. ती नर्सबाई जुन्या वस्तूबरोबर तिची मूळ जाहिरात छापून पाठवते, वस्तू कुठून आली ते घेणाऱ्याला कळावं म्हणून. तुझी जाहिरात माझ्यासमोर आहे. बाबांच्या काउंटरवर काढलेला फोटो, कोपऱ्यात तुझा अंगठा. आणि खाली तुझे शब्द. ‘जुनी मोठी कातर. उलटी आहे. कापत नाही. शोभेसाठी चालेल.’

कापत नाही. बाबांच्या दुकानातल्या कातरीखाली तू लिहिलंस, कापत नाही. धार त्यांनी लावलेली होती, शेवटची. अजून तशीच आहे, केस धरला तरी कापेल. त्यांनी हातात चाक धरलं तेव्हापासून त्यांच्या दुकानातून एक बोथट वस्तू बाहेर गेली नव्हती, ती तू घालवलीस, तीही खोटं लिहून. पहिल्या तीन विक्रेत्यांनी न कापणाऱ्या कातरी ‘कापतात’ म्हणून विकल्या. तू कापणारी ‘कापत नाही’ म्हणून विकलीस. या सगळ्या भामट्यांत तू एकटाच असा, ज्याला खोटं बोलूनही तोटा झाला.

शोभेसाठी! कुणाच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली मला ती दिसत होती. मी ते वाचून रडले, आणि रडताना तुला इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या काही मला येतात हेही मला माहीत नव्हतं.

उत्तर दे. का लिहिलंस?


१९ सप्टेंबर

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता हे लिहितेय.

काल नर्सबाईंना फोन केला, पैसे पोचले का विचारायला. खरं तर तुझ्याबद्दल काहीतरी वाईट ऐकायचं होतं. मी त्यांना सांगितलं की ही कातर माझीच आहे, माझ्या सख्ख्या भावानं विकली, कापत नाही असं लिहून. त्या हसल्या. म्हणाल्या, मी तर ‘कापत नाही’ लिहिलेल्याच शोधून शोधून घेते. दहातल्या दोन-तीन डावखुऱ्यांच्या निघतात. लोक खोटं लिहीत नाहीत हो, चुकीच्या हातात धरतात.

मी म्हटलं, त्यानं मुद्दाम केलं असेल. त्या म्हणाल्या, “मला वेगळंच कोडं पडलं होतं. पार्सल ज्यानं बांधलं त्याच्या गाठी डाव्या हाताच्या होत्या. गाठी मी तीस वर्षं बघितल्यात, त्यात मी चुकत नाही. वाटलं, वापरणारा डावखुरा आहे, मग याला कापत नाही कसं?”

फोन ठेवल्यावर मला आपलं लहानपण आठवलं, तू अभ्यासाला बसायचास ते.

तुझा डावा हात खुर्चीच्या पाठीला रुमालानं बांधलेला असायचा. निळ्या काठाचा रुमाल. वही उजव्या हातानं. मी तेव्हा टेबलाखाली बसून चिंध्या फाडत असायचे, मला वर बांधलेला हात दिसायचा. बोटं सारखी हलायची. तू कधी रडला नाहीस, आणि मला वाटायचं दादाला चालतं. हात सोडला की तू दुकानात पळायचास आणि पुडकी बांधायला घ्यायचास, कारण पुडकी कोणत्या हातानं बांधतोस ते कुणी बघत नव्हतं.

तू कातर उजव्या हातात धरलीस. चालवून बघितलीस, कापड अडकलं, आणि तू खरं तेच लिहिलंस. आपल्या घरात डावा हात पुढे करायचा नसतो हे तुला कुणी शिकवलं होतं ते मला माहीत असूनही मी परवा तुला भामटा म्हटलं. भामटा हा शब्द मी परत घेते. बाकीचे राहू देत, त्यातले काही लागू पडतात.

आणि आता माझं. मागच्या पत्रांत मी अर्धंच सांगितलं. बाबा गेल्यावर घरी आपलं भांडण झालं त्या दिवशी मी ‘मला काही नको’ एवढंच नव्हते म्हणाले. ‘या घरातली सुईसुद्धा मला नको, सगळं विकून टाक, आणि मला फोन करू नकोस,’ असं म्हणाले होते, शेजारीपाजारी ऐकत असताना. आणि वेळेवर कळवलं नाहीस हेही खोटं आहे. तुझे तीन फोन आले होते. मी बघितले. मला वाटलं, दुकान विकायचं तेच पुन्हा उगाळशील. फोन उलटा करून ठेवला आणि कापत राहिले. कोटाची कॉलर होती, चांगली निघाली. नंतर कळलं, तिसऱ्या फोनच्या वेळी बाबा अजून बोलत होते, आणि कातर तयार आहे, तिला येऊन घेऊन जायला सांग, असं म्हणत होते. तू हे त्या दिवशी सगळ्यांसमोर मला सांगितलंस आणि मी तुला खोटारडा म्हणाले. आठ महिने मी तुझ्यावर चिडून होते, कारण दुसऱ्या कुणावर चिडायचं ते माहीत असून जमत नव्हतं.

आणखी एक गोष्ट तुझी माझ्याकडे राहून गेलीय. ती मी का दिली नाही, तर तू बाबांचा लाडका म्हणून मला आधीच तुझा राग होता. कातर दिली त्या दिवशी मी बाबांना विचारलं होतं, माझा हात का नाही बांधला? ते घासलेल्या पात्यावरून अंगठा फिरवत होते. म्हणाले, “एकाचा बांधला, ते चुकलं. त्याला सांगायला तोंड नाही मला.” मी तेव्हा बारा वर्षांची होते. मला त्यात फक्त आपण जिंकलो एवढंच कळलं.

सोबत कोटाच्या कापडाची एक पट्टी पाठवतेय. तिच्यावर खडूनं रेघ मारलीय. पट्टी घरी कापायची नाही, इथे घेऊन यायचं. कातर मी पाठवणार नाही, तुझा भरवसा नाही, परत विकशील. रविवारी कारखाना बंद असतो, पण किल्ली मास्तरांनी माझ्याकडे दिलीय, आणि टेबल खिडकीजवळ आहे. येताना पुडकं बांधायची सुतळी आण, इथली तुटते.

कातर डाव्या हातात धरायची. जमणार नाही म्हणालास तर उजवा मी बांधीन.

तुझी बहीण